बकरीची अट

गडचिरोलीच्या ऑफिसात मी खरेदीच्या टेबलावर जितकी वर्षं बसले, तितकी वर्षं लोक मला एकच सांगत आले, की मॅडम, जरा हळू बोला. मी हळूच बोलते. आवाजच तसा आहे, त्याला मी काय करू? वरोऱ्याला आमचं घर कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून होतं. हंगामात मशीन सुरू झालं की आईला भाजी वाढ म्हणायचं तरी ओरडावं लागे. त्यात स्वभाव तापट. सरकारी नोकरीत तापट माणसाला खरेदीचं टेबल द्यायचं म्हणजे ज्यानं दिलं त्याची कमालच म्हणायची, कारण या टेबलाचं सगळं काम वाट बघण्याचं. दर मागवा, वाट बघा. सही मागा, वाट बघा.

खुर्च्या, कपाटं, फिनेल, झाडू असं काय काय मी घेतलं. आणि दर वर्षी पावसाळ्याआधी ट्री गार्ड, म्हणजे रोपाभोवती लावायचा पिंजरा. जंगलाच्या जिल्ह्यात झाडं लावायची म्हटलं की बाहेरचे लोक हसतात. पण शाळांची आवारं, दवाखाने, रस्त्याच्या कडा उजाडच असतात, आणि तिथं रोप लावलं की दुसऱ्या दिवशी बकरी हजर. म्हणून पिंजरे. ते लोखंडाचे असत आणि नागपूरकडून ट्रक भरून येत. तो ट्रक वाटेत कोसच्या कोस बांबूच्या जंगलातून येई, हे माझ्या कधी डोक्यात आलं नाही. सवयीच्या गोष्टीत काय बघायचं!

ते डोक्यात आणलं एका बाईनं. धानोऱ्याच्या अंगाला जंगलात एक गाव आहे, तिथल्या बचत गटाची ती अध्यक्ष. पन्नाशीच्या आतबाहेरची, बारीक, काळीसावळी, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे सरळ बघणारी. बँकेच्या कुठल्याशा सहीसाठी शेजारच्या विभागात आली होती. बाहेर ट्रक रिकामा होत होता. ती तशीच माझ्या टेबलापाशी आली.

"बाई, हे कायचे पिंजरे होत?"

"झाडाले लावाचे."

"लोखंडाचे? काऊन? आपला बांबू संपला का?"

मी म्हटलं, बसा. चहा मागवला. तिच्या गावाला गावच्या जंगलाचा हक्क मिळाला होता. बांबू गाव स्वतःच तोडत होतं, पण विकला जाई कच्चा. व्यापारी ट्रक लावून घेऊन जाई. शेतात धानाचं एकच पीक. धान निघालं की हाताला काम नाही. मग माघात मुकादमाची गाडी येई आणि गावातल्या बाया, पोरंबाळं, जवान माणसं नदीपलीकडं तेलंगणात मिरची तोडायला जात, ती थेट चैत्रात परत. मागं राहत ती म्हातारी माणसं, ढोरं आणि ढोरं राखायला एखादा पुरुष. हे आमच्याकडं कोणाला नवीन नाही. आम्ही "मिरचीले गेले" एवढंच म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो.

"बाई, माह्या गटातल्या साऱ्या बायायले बांबूचं काम येते," ती म्हणाली. "सूप, टोपली, डालगं. हे पिंजऱ्याचं काम आमाले भेटलं तं आम्ही मिरचीले नाई जात."

मिरचीत हातांची आग कशी होते, रात्री पोराला जवळ घेताना आधी हात कसे दहादा धुवावे लागतात, यातलं ती काहीच बोलली नाही. ते मला माझ्या घरी काम करणाऱ्या बाईकडून ठाऊक होतं. पण "नाई जात" हे तिनं असं म्हटलं, की मी चहा तसाच ठेवून फाइल काढली.

आता आमचे लेखाधिकारी. ब्रह्मपुरीकडचे, निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली, शर्टाचं वरचं बटण उन्हाळ्यातही लावणारे. खरेदीची कुठलीही फाइल त्यांच्या सहीशिवाय हलत नसे, आणि त्यांची सही सहजासहजी हलत नसे. आमचं भांडण रोजचं होतं. शेजारचे लोक दारात उभे राहून ऐकायचे. मी प्रस्ताव ठेवला, की यंदा बांबूचे पिंजरे घेऊ. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मॅडम, नियमात कुठी लिहलं आहे, का बांबूचंच घ्या म्हणून?"

"मंग घेऊ नका असं तरी कुठी लिहलं आहे साहेब?"

"तेच तं भ्या वाटते. लिहलं असतं तं वाचलं असतं. जे लिहलंच नाई त्याचं काय कराचं?"

मी तणतणत बाहेर आले. पण खरं सांगायचं तर त्यांची भीती पोकळ नव्हती. पूर्वी एका तालुक्याला असताना त्यांनी उन्हाळ्यात कूलरऐवजी मातीचे माठ घेतले होते. स्वस्त, थंड, वीज नको, कुंभार गावातलाच. लोक खूश. पुढं तपासणी आली आणि आक्षेप निघाला, की माठांचं हमीपत्र का घेतलं नाही? कुंभाराकडून माठाची हमी! त्याचे खुलासे करण्यात त्यांची दोन बदल्यांची ठिकाणं गेली. फाइल त्यांच्या मागं मागं फिरायची. त्यानंतर त्यांनी चांगल्या हेतूनं काहीही करायचं नाही, असं ठरवून टाकलं होतं. लोक त्यांना भित्रे म्हणायचे, मीही म्हणायची. पण दुधानं तोंड पोळलेला माणूस होता तो.

शेवटी ठरलं की वरच्या कार्यालयाकडून मार्गदर्शन मागवायचं. सरळ प्रश्न विचारला: पर्यावरणाला चांगली आणि स्थानिक लोकांनी बनवलेली वस्तू मागता येते का, की सर्वात कमी दराचंच घ्यावं लागतं? बरेच दिवस गेले. धान कापून झालं. मग उत्तर आलं, एका ओळीचं, की नियमानुसार उचित कार्यवाही करावी.

ते वाचून मी इतकी भडकले, की शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी आपला डबा उचलून मांडीवर घेतला. नियम काय आहे हेच तर विचारलं होतं ना! लेखाधिकारी मात्र शांत. म्हणाले, "मॅडम, माह्या आख्ख्या नोकरीत दुसरं उत्तर आलंच नाई. तुमीन कशाची अपेक्षा केली होती?"

मार्ग निघाला तो त्यांच्याकडूनच, आणि अगदी अवचित.

आमच्या फाटकाजवळ एक कडुनिंब होता. कोण्या जुन्या साहेबानं लावलेला, लोखंडी पिंजऱ्यात. झाड वाढलं, पिंजरा कोणी काढला नाही, आणि खोडानं तो हळूहळू पोटात घेतला. सालीतून गज बाहेर आलेले. एक दिवस त्यात कोणाची तरी साडी अडकून फाटली, तेव्हा तो कापायला वेल्डर बोलावला. त्याच्या कामाची खात्री करायला लेखाधिकारी स्वतः खाली उतरले, कारण न बघता बिल पास करतील तर ते लेखाधिकारी कसले? वेल्डर अर्धा दिवस खटपट करत होता. झाड जळू नये म्हणून पाणी मारत होता. हे उन्हात हात मागं बांधून उभे. मी खिडकीतून बघत होते आणि मनात म्हणत होते, आता याच्यातही काहीतरी खोट काढतील.

ते वर आले ते थेट माझ्या टेबलाशी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या टेबलाशी आले असतील.

"मॅडम, हे काढाचा खर्च आपण कधी धरलाच नाई."

"कायचा?"

"पिंजऱ्याचा. लोखंड स्वस्त म्हणतो आपण. पण झाड मोठं झाल्यावर ते काढाले माणूस लागते, गॅस लागते. तो पैसा दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या खात्यातून जाते, म्हणून दिसत नाई. कमी दर म्हणजे सारा खर्च धरून कमी. हे तं नियमातच आहे." आणि मग, जरा थांबून, "बांबू नाई लिहाचं. लोखंडबी नाई लिहाचं. आपल्याले काय पायजे तेवढंच लिहाचं."

मला रागवायला काही सापडेना.

मग आम्ही दोघांनी बसून अटी लिहिल्या. वस्तू कशाचीही चालेल, सोन्याची आणा. उंची छातीएवढी. दोन पावसाळे टिकली पाहिजे. रोपाला ऊन-वारा लागला पाहिजे. त्यानंतर ती काढून न्यायचा खर्च पुरवठादारानं आपल्या दरातच धरायचा. जागीच कुजून माती होणारी असेल तर काढायची गरज नाही, खर्चही नाही. पुरवठादाराकडं कारखाना आणि मोठी उलाढाल असावी, ही नेहमीची अट त्यांनी स्वतःच्या हातानं खोडली. म्हणाले, पिंजऱ्याला ती कशाला पायजे? आणि मुख्य अट मी सांगितली. बकरीला आतलं रोप खाता येता कामा नये.

"हे तपासाचं कसं?" त्यांनी विचारलं.

"बकरी आणून."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, गेलं सगळं. पण ते विचार करत होते. मग त्यांनी लिहिलं: "प्रत्यक्ष शेळीद्वारे चाचणी." आमच्या ऑफिसच्या कागदावर शेळी आली ती तेव्हाच.

टेंडर भरण्याआधी सगळ्या इच्छुकांना बोलावून शंका विचारायची एक बैठक असते. तिला लोखंडवाले आले, गोल चेहऱ्याचे, हसतमुख, वर्षानुवर्षं आमचे पुरवठादार. हिरव्या प्लास्टिक जाळीचे एक जण आले. आणि अध्यक्षबाई, भिंतीपाशी पदर सावरून. लोखंडवाल्यांनी अटी वाचल्या आणि पोट धरून हसले.

"साहेब, बकरी कोणाची राहील?"

सगळे हसले. लेखाधिकारी हसले नाहीत. "सगळ्या बोलीदारांना मान्य असेल अशी. सगळ्यांना एकच. हरकत असेल तर आत्ता सांगा."

"नाई नाई, आपली काय हरकत राहीन बकरीले," लोखंडवाले डोळे पुसत म्हणाले. आमच्या शिपाईभाऊंकडं बकऱ्या होत्या. त्यांची एक उनाड बकरी सर्वानुमते ठरली. लेखाधिकाऱ्यांनी हे सगळं, हसणं सोडून, इतिवृत्तात उतरवून घेतलं आणि खाली सर्वांच्या सह्या घेतल्या. मला तेव्हा तो नसता उद्योग वाटला.

माघ लागला होता. अध्यक्षबाई जाताना एवढंच म्हणाली, "मुकादम येऊन गेला गावात. सांगून गेला, तयार राहा."

नमुने दाखवायच्या दिवशी मी सकाळपासून बेचैन. लोखंडाचा पिंजरा नेहमीसारखा, गज आणि पट्ट्या. प्लास्टिकची जाळी चार सळयांवर ताणलेली. बांबूचा नमुना दोघी बायांनी जुन्या लुगड्यात गुंडाळून बसमधून आणला होता. लुगडं सोडलं आणि मी कपाळाला हात लावला.

काम इतकं सुबक, की हात फिरवत राहावं. कामट्या एकसारख्या, कुठं बोटाला टोचणारी कूस नाही. छातीएवढा उंच. आणि वरून बंद. कोंबड्या झाकायचं डालगं असतं ना, तेच, फक्त उंच वाढलेलं. झाडानं त्यातून बाहेर यायचं कुठून?

मी अध्यक्षबाईंना व्हरांड्याच्या टोकाला नेलं. हळू बोलायचा प्रयत्न केला. व्हरांड्यातले सगळे वळून बघायला लागले. "अवो बाई, झाड काय टोपी घालून वाढते का? वरून उघडं पायजे होतं नं!"

तिला माझ्या रागाचं नवल वाटलं. "बाई, आमचं काम बुडापासून सुरू होते. आधी बुडाच्या कामट्या आडव्या-उभ्या टाकाच्या, मंग वर चढाचं. बूड नाई तं सुरू कुठून कराचं? दोनदा केलं तं विस्कटलं. मंग आम्ही बूडच वर केलं." मग माझा चेहरा बघून, "मी आत्ताच कापून देतो. कोयता आहे पिशवीत."

ती कापायला निघालीही होती. लेखाधिकारी मधे आले. "नमुना जमा झाला. आता कोणी हात लावाचा नाई."

"साहेब, दोन मिनिटांचं काम आहे!"

"एकाले बदलू दिलं तं दुसराबी म्हणन मी बदलतो. मंग टेंडर कायचं राह्यलं?"

ते बरोबर बोलत होते, आणि ते बरोबर बोलत होते याचाच मला अधिक संताप आला. अध्यक्षबाईंनी कोयता पिशवीत परत ठेवला. तिच्या सोबतची बाई तोंडाला पदर लावून उभी होती. गाडी, मिरची, सगळं आता त्या एका बुडावर येऊन ठेपलं होतं.

बकरी आली. शिपाईभाऊंनी तिला सकाळपासून चारा दिला नव्हता, आणि तिच्यापेक्षा तेच जास्त नाराज होते. तिन्ही पिंजऱ्यांत बाभळीच्या कोवळ्या फांद्या रोपासारख्या रोवल्या. सगळं ऑफिस खाली उतरलं. शेजारच्या कोषागारातले लोकही भिंतीवरून बघत होते.

बकरी आधी लोखंडाकडं गेली. दोन पाय गजांवर टेकवले, मागच्या पायांवर उभी राहिली, वरून मान आत घातली आणि शेंडा खाल्ला. हे आम्ही रस्त्यावर जन्मभर बघत आलो होतो; टेंडरात कधी बघितलं नव्हतं. मग ती जाळीकडं गेली. तिथं मान घालायची गरजच पडली नाही. तिनं जाळीच चघळायला घेतली, आणि शिपाईभाऊ "अवो, पोटात जाईन तिच्या" म्हणत धावले. मग ती बांबूकडं आली. एक फेरी मारली. पाय टेकवले, वर बघितलं. वर बूड. ढुशी दिली. कामट्या वाकल्या आणि परत जागेवर आल्या. पुन्हा एक फेरी मारली, तोंड उघडून एकदा ओरडली आणि त्याच डालग्याच्या सावलीत जाऊन बसली.

अख्खं आवार हसत होतं. मी तर इतकी हसले की पोटात कळ आली.

लोखंडवाल्यांनी रास्त प्रश्न विचारला. "पण साहेब, वरून बंद आहे. झाड वाढन कसं?"

लेखाधिकारी म्हणाले, "नमुना बदलता येत नाई. पण प्रश्न विचारता येते." आणि सगळ्यांसमोर अध्यक्षबाईंना विचारलं, झाड वर आल्यावर काय कराल?

"पहिल्या पावसात रोप हातभर राह्यते," ती म्हणाली. "बकरी तेवाच खाते. झाड टोपीले टेकलं का बुडाच्या कामट्या तोडाच्या. कोयत्याचे चार घाव. पुढच्या मालाले आम्ही बुडात दोरीच लावू, सोडली का उघडलं."

दर उघडले. शेंडा गेला तेव्हाच लोखंड बाद झालं होतं, आणि काढायचा खर्च धरल्यावर त्याचा दरही वर गेला होता. प्लास्टिकही चाचणीतच संपलं होतं. गट पहिला.

आता हे इथं संपलं असतं तर मी कशाला सांगत बसले असते? निकालाआधी तक्रारीसाठी काही दिवस द्यावे लागतात. त्यातल्या शेवटच्या दिवशी लोखंडवाल्यांची तक्रार आली: बकरीची चाचणी कोणत्याही नियमात नाही, सबब प्रक्रिया रद्द करून नव्यानं राबवावी. माणूस वाईट नव्हता; धंदा करत होता. पण नव्यानं राबवायची म्हणजे पुढचे दोन महिने गेले. आम्ही विधी सल्लागारांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोन्ही बाजूंनी बोलता येईल." मी फोन असा ठेवला, की तो नंतर नीट लागेना.

आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी अध्यक्षबाई आली. चहा नको म्हणाली. बसलीही नाही.

"बाई, गाडी उद्या येते. मुकादम म्हणते, यंदा नाई बसल्या तं पुढल्या वर्षी दुसऱ्या गावच्या बाया नेतो. बाया मले विचारून राह्यल्या, बोचकं बांधू का नाई? मी काय सांगू?"

बसू नका म्हणावं आणि तक्रार मंजूर झाली तर? हातची मिरचीही गेली आणि बांबूही. बसा म्हणावं तर मग आम्ही एवढा खटाटोप केला कशाला? मी तिला घेऊन लेखाधिकाऱ्यांच्या खोलीत गेले. मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, जसं मला विचारलं होतं तसंच.

मला ती माठांची फाइल आठवली. मनात म्हटलं, हे आता मार्गदर्शन मागवणार. त्यांनी फोन उचलला आणि लोखंडवाल्यांना बोलावून घेतलं. ते त्या दिवशी गडचिरोलीतच होते. तासाभरात आले. अध्यक्षबाई बाहेर बाकावर बसली. दार उघडंच ठेवलं होतं.

लेखाधिकाऱ्यांनी बैठकीचं इतिवृत्त काढून त्यांच्यापुढं सरकवलं. "बकरी कोणाची, हे तुम्हीच विचारलं होतं. हरकत आहे का, हे मी विचारलं होतं. ही सही तुमची."

"साहेब, मले तेव्हा गंमत वाटली होती."

"गंमत तेव्हा सगळ्यांनाच वाटली. पण अट सगळ्यांना आधी माहीत होती, सगळ्यांना सारखी होती, अन् तुम्ही मान्य करून टेंडर भरलं. बकरीनं तुमचा शेंडा खाल्ल्यावर ती अट चुकीची झाली का? अजून काही म्हणाचं असन तं सांगा. मी लिहून घेतो."

लोखंडवाल्यांनी स्वतःची सही बघितली. मग मान हलवून हसले, थोडं कडवट, पण हसले. "नाई साहेब. बकरीपुढं काय म्हणू?"

लेखाधिकाऱ्यांनी निर्णय तिथंच, स्वतःच्या हातानं लिहिला. कारणं देत, एकेक मुद्दा घेत. मी इतकी वर्षं त्यांच्याशी भांडले, पण तसं लिखाण त्यांच्या हातून कधी बघितलं नव्हतं. कुठंही "वरिष्ठांचे आदेशाधीन" नाही, कुठंही पळवाट नाही. खरेदी समितीतल्या बाकी दोघांच्या सह्या मी धावत जाऊन आणल्या. दिवस कलला तेव्हा पुरवठ्याचा आदेश टाइप होऊन आला, आणि त्यांनी खाली सही केली.

मग त्यांनी अध्यक्षबाईंना आत बोलावून आदेश वाचून दाखवला, सरकारी मराठीत, पहिल्या ओळीपासून. ती मन लावून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "साहेब, मले एवढं नाई समजत. गाडीत बसाचं का नाई?"

आयुष्यात कोणाला तोंडी शब्द न दिलेला माणूस तो. त्यांनी चष्मा काढला.

"नका बसू," ते म्हणाले.

ती वाकून पाया पडायला लागली, तर हे खुर्ची सरकवून भिंतीला जाऊन लागले. "मॅडम, सांगा यायले, सांगा!" मी काय सांगणार? माझेच डोळे भरून आले होते.

फाल्गुनात मी गावात काम बघायला गेले. गोटुलासमोरच्या, म्हणजे गावाच्या सामाईक घरासमोरच्या मांडवात बाया ओळीनं बसलेल्या, कामट्यांचे ढीग, तयार पिंजरे एकात एक सरकवून रचलेले. प्रत्येकाच्या बुडाला दोरी होती. मी एक सोडून बघितली, भाकरीच्या टोपलीचं झाकण उचलावं तसं बूड उघडलं. मी मोजमाप घेतलं, दोन पिंजरे सैल निघाले ते परत दिले, त्यावरून एका बाईशी थोडी वाजली. दुपारी निघणार तर अध्यक्षबाई म्हणाली, "आज होळी होय. आज कोण जाते? राहा."

राहिले. तिच्या घरी जेवले. दिवस मावळला, गावच्या टोकाला लाकडं रचलेली दिसत होती. अध्यक्षबाई अंगणात आली आणि नवऱ्यापाशी घुटमळली. तो माणूस बैलांना पाणी पाजत होता. ती अगदी हळू म्हणाली, "अवो, होळीले घरून काय न्या लागते?"

त्यानं वळून बघितलं. मला वाटलं, चेष्टा करेल. एवढी वर्षं संसार झाला आणि हे विचारते! पण त्यानं बादली खाली ठेवली. मग मला कळलं. लग्न होऊन या गावात आल्यापासून दर होळीला ती नदीपलीकडं मिरचीच्या रानात होती. हा ढोरं राखायला मागं राहायचा, म्हणून याला ठाऊक.

त्यानं आढ्यावरून शेणाच्या चाकोल्यांची, म्हणजे भोकं पाडून ओवलेल्या छोट्या गोवऱ्यांची माळ काढली. पोरांनी करून वाळवलेली. सरपणातलं एक लाकूड निवडलं. दोन्ही तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "हे न्याचं. अन् पाण्याचा तांब्या. चाल, मी दाखवतो."

होळीपाशी गटातल्या सगळ्याच बाया तशाच उभ्या होत्या, हातात माळ आणि लाकूड घेऊन, एकमेकींकडं बघत, कुठून फिरायचं, कोणी आधी टाकायचं, काही माहीत नसलेल्या. शेवटी एक म्हातारी काठी टेकत आली. ती दर वर्षी मागं राहणारी. तिनं एकेकीला दंडाला धरून जागेवर उभं केलं. इथी उभी राहा, असं फिर, आता टाक. आणि त्या आपल्याच गावात, आपल्याच होळीला, सांगितलं तशा फिरत होत्या.